वायसर

भंगारवाल्या रऊफच्या काट्यावर
ती एकशेचार किलो भरली.
"मॅडम, लाकूडच जास्त हाय,
भट्टीवाले घेत नाहीत असलं," म्हणाला
आणि टेम्पोत आडवी करून दिली,
काच वरच्या अंगाला.

आता मागच्या खोलीत, गव्हाच्या कोठीशेजारी
उभी आहे, पाठ उघडी,
पोटात उंदरांचं घर:
कापूस, एसटीचं अर्धं तिकीट,
कुणाच्या तरी वहीतला लसावि.

डावी बाजू वाळवीनं गुडघ्यापर्यंत खाल्लेली.
तेवढी कापून नवी प्लाय जोडली.
फुगलेले कपॅसिटर काढले, अकरा.
सनमायकावर कर्कटकानं कोरलेलं मात्र घासलं नाही:
एक बदाम, अर्धं नाव,
एक शिवी, तीही ऱ्हस्वदीर्घ चुकलेली.

पिक्चर ट्यूबजवळ जाताना एक हात खिशात ठेवावा,
बंद मशीनच्याही काचेत वीज दबा धरून असते,
हे आयटीआयत पोरांना मी एकवीस वर्षं सांगते.
साडीला खिसा नसतो.
हात पदरात गुंडाळला, स्क्रूड्रायव्हर टेकवला.
काही झालं नाही.
इतक्या वर्षांनी काही उरत नसतं म्हणा.
तरी जरा वाईट वाटलं.

जुन्या जालन्यात, पिठाच्या गिरणीमागे
ताहेरभाईचं पार्लर. दाराला गोणपाट.
गोणपाटाच्या आत पोरी जात नसत,
तसं कुणी लिहून लावलेलं नव्हतं.
दळणाचा डबा कमरेवर घेऊन मी बाहेर,
अंबादासला जेवायला हाक मारायला आलेली.
फटीतून दिसायचं ते एवढंच:
त्याच्या मानेवर निळा उजेड, मग लाल, मग निळा.

रुपये नसायचे. वायसर असायचे.
बाबा रोलिंग मिलमध्ये फिटर,
डब्यातून दोन-चार येतच.
रुपयापेक्षा कणभर मोठे. पायरीच्या दगडावर
मी ते घासायची. कल्हईवाल्यामागे सांडलेलं कथील
पळीत वितळवून भोकात ओतायची,
मग वाण्याच्या तराजूत, तो आत गेला की,
खऱ्या रुपयासमोर ठेवून बघायची.
नववीत होते.
"हाताला गुण हाय तुझ्या," अंबादास म्हणायचा.
मी घडवायचं, त्यानं खेळायचं.
वाटणी अशी, आणि मला ती वाटणीच वाटायची.

नाण्यांची पेटी गंजून बसली होती.
रात्रभर रॉकेल सोडलं, सकाळी निघाली.
रुपया एकही नाही.
तळाला दुधाच्या पिशवीत,
वर दोऱ्याची गाठ मारून,
माझे वायसर.
एक्केचाळीस.

म्हणजे त्याला कळत होतं.
रोज रात्री गल्ला मोजताना बाजूला काढत होता
आणि दुसऱ्या दिवशी गोणपाटाशी मला बघून
"भाई कू बुलाऊं क्या?"
एवढंच विचारत होता.

अंबादासला फोन केला. पुण्याला असतो,
गुडघा बदललाय.
"टाक की भंगारात. काय करायलीस त्याचं?"
वायसरचं सांगितलं नाही.
मग तोच, बऱ्याच वेळानं:
"डावीकडचं बटण अडकायचं बघ त्याचं."
अडकतंच अजून.

काल साडेनऊला लाईट आली.
आधी मधोमध ठिपका, मग आडवी रेघ,
मग आख्खं आभाळ, उजवीकडे जरा कललेलं.
बाजूंना हिरवट.
वायसर टाकला. आत खडखड. गप्प.
मग कोपऱ्यात उमटलं: एक.

माझं विमान अकरा सेकंदांत फुटलं.

पेटीला अजून दार बसवलेलं नाही.
तोच वायसर तळातून उचलला,
पदराला पुसला,
परत टाकला.