रॉटरडॅम, वाघोटणच्या खाडीवरून

बापूस विचारतो, "कसा आसा ता शहर?"
जेटीच्या पायरीवर बसून सांगायला लागतो,
आणि इमारतींच्या उंचीपासून सुरुवात करायची ठरवूनही
वासापासून सुरू होतो.

म्हटलं, बंदर एवढं की आपली खाडी
त्यातल्या एका गोदीच्या खिशात मावेल,
पण वास नाही. सुकटाचा नाही, चिखलाचा नाही.
जहाजातून उतरल्यावर मी माझाच शर्ट हुंगला
तेव्हा कुठे कळलं, नाक शाबूत आहे.

रात्रीचे साडेनऊ, आणि ऊन.
दुकानं बंद, रस्ते मोकळे, भिंतींवर ऊन,
पाहुणे गेल्यावरही विझवायची राहिलेली पेट्रोमॅक्स जशी.
एका शिडाच्या होडीसाठी पूल मधोमध दुभंगून उभा राहिला;
दोन्हीकडे सायकलवाले एकेक पाय टेकून थांबले.
कुणी शिवी दिली नाही. मीच मनात एक दिली,
सवय राहावी म्हणून.

कुरव होते. थंडीत आपल्या वाळूवर उतरतात तेच,
पण डोकी काळी करून बसलेले,
माहेरी वेगळीच दिसणारी सून असते तसे.
पावाचा तुकडा टाकला.
खाल्ला. ओळख दाखवली नाही.

नदीखालून पलीकडे जायला
लाकडी जिना, आपसूक उतरणारा.
डोक्यावर अख्खी नदी, तिच्यात बोटी,
माझा हात कठड्याला चिकटलेला,
आणि पुढची बाई निवांत सफरचंद खात होती.
पलीकडे वर आल्यावर आमचा ऑइलर वर्गीस म्हणाला,
यातलं बरंचसं शहर समुद्राच्या खाली आहे.
घरं, शाळा, ही बाकडी.
त्यानंतर मला काही नीट दिसलं नाही.
जहाजावर परतेपर्यंत ऐकत चाललो,
कुठे पाझरतंय का.

बापूस इतका वेळ गप्प. जाळ्याची गाठ दातात.
सव्वीस वर्षं खारबांध राखला त्याने,
अमावस्येच्या उधाणाला कंदील घेऊन,
मानशीच्या फळीला कान लावून.
एकाच रात्री तापाने फणफणून घरी निजला,
त्याच रात्री बांध गेला.
आता तिथे तिवर आहेत. भाताच्या वाफ्यांतून खेकडे.
त्यावर आमच्या घरात कुणी बोलत नाही.

"थंय बांधार रात्री कोण जागता?"

पंप म्हणणार होतो. लोखंडी दारं, मोटारी,
कुठल्याशा काचेच्या खोलीतले हिरवे आकडे.
ओठांवर आलंच होतं.
"आसा एक म्हातारो," म्हटलं, "कंदील घेऊन फिरता."

त्याने गाठ आवळली. दोरा तोडला.
"तेका सांग," म्हणाला,
"ताप इलो तरी निजा नको म्हणान."

पाणी तिसऱ्या पायरीला लागलं होतं.
आम्ही दोघं एक पायरी वर सरकलो.