कोनती मोटर

देवपुरातल्या घरात माझ्यावर कुणी हात उगारला नाही.
हे मी आधीच सांगून टाकते,
कारण लोक आधी तेच विचारतात
आणि मग सुटल्यासारखा श्वास सोडतात.

तिथे ताट फक्त हळूच सरकवलं जायचं,
वरणाच्या वाटीसकट, एक वीत पुढे.
मग नऊ दिवस, एकदा एकोणीस,
घरात पंख्याचा काय तो आवाज.
काय चुकलं विचारलं की
शुद्ध, इस्त्रीच्या मराठीत उत्तर:
"मी काही बोललो का?"
नव्हताच बोलला.

गाडीच्या स्टँडवरून मी संध्याकाळ ओळखायला शिकले.
एका दणक्यात लागलं तर बरी.
दोनदा घसरलं, तर कुकरची शिट्टीसुद्धा
फडक्यात दाबून धरायची.

अमळनेरला आले तेव्हा बॅग एकच होती.
रतिलालचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, बोरीच्या पुलाकडे जाताना,
हातांना कायम वॉर्निशचा वास.
झाकण पडलं, मी सॉरी. शिंक आली, सॉरी.
तो उंबऱ्याला ठेचकाळला, तरी मीच सॉरी.
"तुले काय व्हयनं?" म्हणायचा, अंगठा चोळत.

मग मे महिना.
मी गच्चीवर बिबडे घालत होते जुन्या लुगड्यावर,
हात ज्वारीच्या चिकानं भरलेले,
आणि खाली कूलर कोरडाच चालत राहिला.
जिना उतरताना वास आला तेव्हाच
मी तीन कारणं रचून ठेवली:
लाइट कमी-जास्त झाली, उंदीर,
तिसरं आता आठवत नाही.
तो जेवायला आला, दारातच थांबला, नाक वर केलं.
जळकी मोटर त्याला कोण लपवणार!
"आवं, पानी ते देखनं व्हतं!"
मोठ्यांदा. शेजारच्या दगूबाईनंही ऐकलं असेल.

मी सिलिंडर आणि भिंत यांच्या मधल्या जागेत उभी.
कशी गेले ठाऊक नाही,
अंग आपलं आपण गेलं.
आता शांतता सुरू होईल. आता.
आता.
"पाना कोठे शे?"

मी पाना दिला, हात लांब करून.
त्यानं बोल्ट सोडवले, मोटर काखेत मारली,
जाताना दोन भाकऱ्या फडक्यात बांधून नेल्या.

दुधासारखा वर येऊन खाली बसणारा राग
मी पाहिलाच नव्हता.
म्हणून उरलेला कधी येतो याची वाट बघत बसले,
लाइट बिलाची बघावी तशी.
मंगळवार गेला.
बुधवारी भाकऱ्या अगदी गोल थापल्या.
गुरुवारी तो हसला, तर जास्तच भीती वाटली.
चौथ्या रात्री, गच्चीवर, खाटेवरून खाटेकडे
मी अंधारात म्हटलं, "ते मोटरचं…"
तो अर्धा झोपेत.
"कोनती मोटर?"

मी उठून बसले.
खाली गल्लीत कुणीतरी बादलीनं कूलर भरत होतं.
मला हसू येतंय की रडू, ते कळायच्या आत
तो घोरायला लागला.
आपण चुकलेलं ज्याला आठवतही नाही
अशा माणसाशेजारी कसं झोपायचं,
मला कुणी शिकवलं नव्हतं.

बरी झाले असं नाही म्हणणार.
स्टँडचा आवाज आला की अजून कान उभे राहतात,
रतिलालची तर सायकल आहे.
एकदा मीच ताट सरकवलं, एक वीत पुढे,
आणि स्वतःच्याच हाताकडे बघत राहिले.

परवा त्यानं शेवभाजी केली.
पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी.
"तिखट जाळ झालीय," मी म्हटलं,
म्हटलं आणि बघितलं: भुवई, ओठाचा कोपरा.
त्यानं गटागटा पाणी प्यालं, नाक पुसलं.
"हाव, जराशी तिखी व्हई गयी,"
आणि बिबडा मोडून अर्धा माझ्या ताटात टाकला.
त्याच दुपारचा बिबडा.
कडेला माझ्या बोटाचा ठसा, वाळून कडक झालेला.
तो मी आधी खाल्ला.