चार नंबरचं मशीन

नंदुरबारच्या बाहेर, मिरचीच्या पथाऱ्या संपतात
तिथे आमची शाळा सुरू होते.
वारा त्या बाजूचा असला की पहिल्या तासाला
हजेरीऐवजी शिंका मोजाव्यात.

बारा संगणक आले होते, सात चालतात.
त्यातल्या एकाला आधी उजव्या अंगाला चापट लागते.
ती कुणी मारायची, ती पाळी फळ्यावर लिहिलेली असते.

हर्षाली शिरसाठ चार नंबरला बसते.
सकाळी आईबरोबर दोन तास देठ खुडून येते,
हात धुते, मातीनं घासते, पुन्हा धुते,
तरी तिच्यामागून तिथे बसलेला दिगंबर
डोळे चोळत बोंबलतो,
‘सर, एंटर तिखट शे!’

मी शिकवत होतो :
ल ज्या कळीवर, ळ तिथेच, वरच्या मजल्यावर.
करंगळीनं शिफ्ट धरून ठेवा, मग ल दाबा.
पोरं दाबत होती, पण उगीच, पाहुण्याला पाणी द्यावं तशी.
यांच्या घरात ळ नांदतच नाही.
डोळा तिथे डोया, केळी तिथे केयी,
काळा कुत्रा काया होऊन दारात झोपतो.
मीही डी.एड.ला जाण्याआधी ळ घोकला होता, उन्हाळाभर.
आईच्या फोनवर अजून घसरतो.

‘माझी शाळा’ असा परिच्छेद दिला.
हर्षालीनं एका बोटानं, कळी शोधत शोधत लिहिलं :
मनी शाया पथारीना जोडे शे.
मशीननं ‘मनी’ जाऊ दिलं, त्याला ते मनातलं वाटलं.
‘जोडे’ही सोडलं, पायातले समजून.
‘शाया’खाली मात्र लाल रेघ,
नागमोडी, वाळून आखडलेली.

‘सर, हाई काय?’
चूक, म्हणालो. उजवं बटण दाब, ते सुचवेल.
त्यानं सुचवलं : शाई. छाया. शाळा.
आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात :
शब्दकोशात भर घाला.
‘हाई दाबू?’
अभ्यासक्रमात याचं उत्तर नाही.
मी दाराकडे पाहिलं. मुख्याध्यापक पोषण आहाराच्या
वजनात गुंतले होते.
दाब, म्हणालो.

रेघ गेली.

मग काय, सगळा वर्ग चार नंबरवर.
आंडेर. तठे. डोया. बठ्ठा. कव्हय.
मधल्या सुट्टीत डबा हातात धरून रांग.
पंधरा दिवसांत एकसष्ट शब्द,
त्यातली दिगंबरची एक शिवी मी काढली,
ती दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

जानेवारीत जिल्ह्याहून माणूस आला.
मशीन फार हळू आहे म्हणाला, कचरा साठलाय,
चहा संपायच्या आत सगळं पुसून कोरं केलं.
काम चांगलं केलं त्यानं, खरंच. आता झटकन उघडतं.
हर्षालीनं ‘शाया’ टाइप करून पाहिलं,
रेघ पाहिली,
आणि खोडून टाकलं. बोलली नाही.
मीही पुढचा धडा घेतला : तक्त्यात बेरीज.

प्रात्यक्षिक परीक्षेला तोच परिच्छेद.
माझी शाळा पथारीच्या शेजारी आहे.
चार वेळा ळ, चारही वेळा करंगळी बरोबर जागेवर,
एकही लाल रेघ नाही.
दहापैकी दहा.
‘सेव्ह कर’ म्हणालो आणि वीज गेली.
यूपीएस टिटवीसारखा ओरडायला लागला.
तिनं घाई केली नाही. चौकटीत नाव घातलं,
एंटर मारलं, उठली, दप्तर घेतलं.

मी वाकून पाहिलं.
फाइलचं नाव : शाया.
नावाच्या चौकटीत मशीन रेघ मारत नाही.
हे मी शिकवलेलं नव्हतं.

गुणपत्रकात ‘फाइलचे नाव’ असा रकाना आहे,
तो हातानं भरावा लागतो.
खिशात तेवढं लालच पेन होतं.
त्यानंच लिहिलं.