डाव्या हाताचा पदर

एक मिनिट बावन्न सेकंद. आवाज नाही.
खाली कुणीतरी इंग्रजीत टाइप केलंय:
मध्य प्रांत, १९४३, दारूगोळ्याच्या डेपोचं काम, मजूर बायका.
बारा आहेत. मी मोजल्यात.
गिट्टीची टोपली डोक्यावर, एकीमागे एक,
आणि मधून एक कुत्रं,
जे चित्रात शिरतं आणि बाहेर कधी पडत नाही,
कारण तिथेच रीळ संपतं.

तीस वर्षं मी आर्वी-पुलगाव गाडीवर तिकिटं फाडली.
चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, हात राहतात:
कोण सुटे पैसे मुठीत घामेजून देतो,
कोण नोटेची घडी उलगडत नाही.
नातवाने हे मोबाइलवर धाडलं
तेव्हा आधी हातच पाहिले.
बाकी पुरावा थोडा. सावल्या आखूड,
म्हणजे दुपारचे बारा-एक.
मागच्या झाडावर पानं नाहीत, काळे डाग आहेत.
पळस असावा. लाल रंग तिथे काळाच उतरतो.

मग हिंडलो,
नव्वदीपुढचं माणूस जिथे असेल तिथे.
उजेडात पडदा दिसत नाही, म्हणून
घोंगडी डोक्यावर घेऊन दोघं आत शिरायचो
जुन्या फोटोवाल्यासारखे.
वाघोड्याच्या झिंगराजींनी बाई नाही ओळखली,
बांध ओळखला. "हे आमचं बोरीचं वावर."
मग बोट काचेवरून उचलेचनात.
एकाने कुत्र्याला हाक मारली.
एकाने विचारलं, याचे पैसे भेटतात का.

बयनाबाई मून. वय तिलाही ठाऊक नाही.
टोपली उचलून द्यायला बायांसोबत जायची, एवढीशी असताना.
खाटेवर उठून बसली, चष्मा नातसुनेचा.
तीनदा पाहिलं, काही नाही.
चौथ्यांदा, एकेचाळिसाव्या सेकंदाला,
सहावी बाई मान वळवते,
कॅमेऱ्याकडे बघते,
आणि पदर ओढते, पार नाकापर्यंत.
"थांब. फिरून लाव."
लावलं.
"कवसली होय थे.
डाव्या हातानं पदर घेनारी आमच्या टोयीत येकच व्हती.
भाकर थापे तं उलटी फिरे तिची.
सासूनं थो हात चुलीत धरला येकडाव,
तरी नाई सुधरली."

म्हणजे लपायला जो हात वर गेला
त्यानेच ती सापडली.
मला कुणाच्या घरात
न विचारता शिरल्यासारखं झालं.

आडनाव? कुठली?
"हजेरीवर चिंधूची बायको लिवत.
चिंधू मेल्यावरबी थेच लिवत."
पुढे काय झालं तिचं?
बयनाबाईने हात हलवला, माशी हाकलावी तसा.

मी म्हटलं, लिहू का नाव? तिने तर तोंड झाकलंय.
म्हातारी घोंगडीखाली बराच वेळ गप्प.
श्वासाने काच धुकटली, मी पुसली.
"लिव. पन फोटो झाकल्यावरचा लाव.
आंधीचा नको. थो तिनं देल्ला नाई."

लिहिलं. वहीत, तारखेसकट.
पंधरा दिवसांनी देवळीकडून एकाचा फोन.
म्हणे सहावी बाई माझी आत्या, ठमी,
डावखुरी होती, डेपोवर गेली ती परत आली नाही,
आजा रोज नाक्यावर जाऊन बसायचा.
एवढं बोलून तो नुसता श्वास घेत राहिला.

बयनाबाईला जाऊन सांगितलं.
तिने सुपारी गालात फिरवली.
"असन. डावऱ्या काय कमी असतेत जगात?
दोघी लिव."

सहाव्या बाईपुढे आता दोन नावं आहेत,
अकराजणींपुढे रेघ.
सातवीचं नुसतं कोपर दिसतं,
कोपरावर गोंदलेली तीन टिंबं,
चौथं अर्धवट, सुई टोचताच हात ओढून घेतल्यासारखं.
उद्या पहिल्या गाडीने नदीपलीकडे जातोय.
तिकडे गोंदणाऱ्या बायांचं एक घर आहे, म्हणतात.
मोबाइल चार्जिंगला लावलाय.
घोंगडी पिशवीत.