नऊ हजार नऊशे नव्याण्णवपासून

बितोममध्ये घरं कलतात.
खाली कोळसा होता तो काढला, पोकळी उरली,
आता बोगुमिलच्या खोलीत पेन्सिल ठेवली
तर ती आपसूक खिडकीकडे घरंगळते.
तिथंच, टीव्हीच्या एका पायाखाली
पुठ्ठ्याची घडी सारून
आम्ही तो सॅनेटोरियमचा खेळ पुन्हा लावला,
नव्यानं घडवलेला.
धुकं आता खरोखर ओलं दिसतं.
नर्सच्या टाचा वाजतात
त्या थेट सोफ्याच्या पाठीमागे.

सोपं, मध्यम, की कठीण? पडद्यानं विचारलं.
बोगुमिल म्हणाला, यात विचारायचं काय?
सहा गोळ्या, एक बँडेज, विझत आलेली बॅटरी.
गोळी झाडताना जीव वरखाली झाला नाही
तर ती भीती कसली, तो फेरफटका.
हाल्श्का अजून ड्यूटीच्या बुटांच्या नाड्या सोडत होती.
म्हणाली, बारा तास मोजूनच आलेय मी.
इंजेक्शनं, चादरी, एका म्हाताऱ्याचे श्वास.
सोपं लाव. मला फक्त तळघरात काय आहे ते बघायचंय.
मी म्हटलं, मध्यम.
मी नेहमीच मध्यम म्हणतो, आणि कुणी ऐकत नाही.

कठीण लागलं.
अकरा वेळा मेलो लिफ्टपाशी.
बोगुमिल दर मरणाला खूश,
आणि दर शिडीवर चिडलेला:
शिड्यांना पिवळा रंग फासलाय बघा,
आम्ही काय आंधळे आहोत?
त्याच पिवळ्या शिडीखालून तो दोनदा सरळ पुढे गेला.
हाल्श्कानं लिंबू पिळलेला चहा ढवळला, बोलली नाही.

मग ते दार.
चार आकड्यांचं कुलूप.

तेव्हा आम्ही अकरा वर्षांचे होतो.
खेळ रविवारच्या बाजारातला, चोरटा,
नुसती डिस्क, वर मार्करनं चुकीचं नाव.
कुलपाचा सुगावा होता डब्यातल्या पुस्तिकेत,
आणि आमच्याकडे डबाच नव्हता.
हे आम्हाला कुठं ठाऊक?
आम्हाला वाटलं, कोडंच असं आहे. अवघड.
बोगुमिलचा थोरला भाऊ रेमेक म्हणाला,
मग सगळे आकडे टाकू.
आणि शेवटापासून सुरू करू,
दाराला लहान आकडा कोण ठेवतं?
गणिताची वही. एकानं वाचायचं, एकानं फिरवायचं,
तिसऱ्यानं आई येते का बघायचं.
तीन रात्री.
नऊ हजार सहाशे त्र्याऐंशी आकडे चुकले.
शून्य तीन एक सहाला कुलूप उघडलं
तेव्हा रेमेक झोपला होता, तोंड उघडं टाकून,
बोटाला शाई.

आता कुलूप तीन चुकांनंतर अडकतं
आणि पाठीमागून काहीतरी उठतं.
सुगावा भिंतीवरच आहे, नीट, न्यायानं ठेवलेला:
रुग्णांचे तक्ते, चार पलंग, चार ताप.
हाल्श्कानं तक्ते वाचले, जसे ती रोज वाचते,
आणि चहा निवायच्या आत
आकडे सांगितले.

कुणी टाळी वाजवली नाही.
हीटरचा पाइप तेवढा टकटकला.
छान कोडं आहे, मी म्हटलं. होतंच छान.
बोगुमिलनं उत्तर टाकलं नाही.
चाकं फिरवली: शून्य, तीन, एक, सहा.
नाही उघडलं.
पुन्हा तेच. नाही.
अरे वेड्या, हाल्श्का म्हणाली, आणि सोफ्यावर पाय वर घेतले.
तिसऱ्यांदा.
जे उठलं ते फार मोठं होतं.
शेवटची गोळी त्यानं झाडलीसुद्धा नाही.

बाराव्यांदा मेल्यावर आम्ही इतके हसलो
की खालच्या बाईंनी छताला झाडूचा दांडा ठोकला.
मग त्यानं फोन लावला.
रेमेक नॉर्वेत, मासे गोठवणाऱ्या बोटीवर,
पहाटेची पाळी, मागे यंत्रांची घरघर.
ते दार आलंय, बोगुमिल म्हणाला. आकडा बदललाय.
पलीकडे बराच वेळ नुसती घरघर.
मग रेमेकनं विचारलं,
कुठल्या टोकापासून सुरू केलंत?