आकडा

मी वजनकाट्याचा कारकून.
बावीस वर्षं डाळ मिलच्या फाटकाशी बसून
पोत्यांची वजनं लिहिली.
पन्नास किलो दोनशे. एकोणपन्नास नऊशे.
ग्रॅमसुद्धा सोडला नाही,
शेट सोडू देत नसत.

जळगावच्या कामगार न्यायालयात
मला मालकाच्या बाजूने उभं केलं.
समोर उखर्डू कोळी.
त्याच्याआधीची दोन पोरं गेली, म्हणून
जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर लोळवला,
मरणाला किळस यावी म्हणून.
मरणाला आली असेल.
पोत्यांना आली नाही.

बेलिफ म्हणाला, बसा.
"बसता येत नही भाऊ."
शर्टावरून बांधलेला कमरेचा पट्टा,
आणि भिंतीला हात लावून
तो दुपारभर उभा.

साहेबांनी विचारलं, अजून दुखतं का?
"दुखस ना साहेब."
टायपिस्टने लिहिलं :
अर्जदार वेदना असल्याचे सांगतो.

मालकाचे वकील तयारीचे होते.
मणके वयाने झिजलेत, म्हणाले,
फोटोत दिसतं, अपघाताचा काय संबंध?
सिव्हिलच्या डॉक्टरने तीस टक्के लिहिलंय,
तेही जास्तच.
मला आठवलं,
कन्व्हेअरचा पट्टा झिजायचा
तेव्हा दर मार्चला त्याचा घसारा
मीच काढायचो. पंधरा टक्के.
तेव्हा कुणी म्हणालं नाही
की पट्टा वयाने झिजला.

मग विचारलं, त्या दिवशी काय पाहिलंत?

मे महिना. फळी कोरडी होती.
फळीवर तुरीचे चार दाणे.
उखर्डूचा पाय त्यावर पडला
आणि तो खाली जाता जाता वळला,
असा, कमरेतून,
ओला कपडा पिळावा तसा.
पोतं पडलं नाही.
हे लिहून घ्या साहेब, पोतं पडलं नाही.
त्याने ते ट्रकमध्ये ठेवलं
आणि मग फळीवरच आडवा झाला.
मी वजन लिहिलं होतं. पन्नास शंभर.
नुकसान निरंक.

वकील जरा थांबले. पाणी प्यायले.
बरं. हजेरीपटावर याचं नाव आहे?
नाही.
पगारपत्रकावर?
नाही.
मग हा मिलचा कामगार कशावरून?
ठेकेदाराचा असेल. ठेकेदार कुठे आहे?
ठेकेदार सुरतेला. फोन लागत नाही.

शेट मागच्या बाकावर होते.
माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी
मांडवाचं भाडं दिलं होतं.
हे मी विसरलो नव्हतो.
विसरलो असतो तर बरं झालं असतं.

पिशवीतून वही काढली.
हिशेबाची नव्हे, माझी स्वतःची,
कुणी किती पोती वाहिली त्याची.
संध्याकाळी मजुरीवरून भांडण नको म्हणून.
नावं लिहायला वेळ कुठला?
ट्रक हॉर्न मारत उभा.
म्हणून प्रत्येकाची एक खूण केली होती :
तुळशीरामचा मासा,
सलीम पिंजाऱ्याची चंद्रकोर,
वाकड्या बोटाच्या दगाचं वाकडं बोट.
उखर्डूच्या खांद्यावर सदा लोखंडी आकडा,
पोत्यात रुतवायचा.
त्याच्यापुढे तेवढाच काढायचो,
आणि पुढे रेघा.
पानंच्या पानं रेघा.
सुरुवातीच्या वर्षांत
एकेक रेघ शंभर किलोची.

वकिलांनी वही उलटी धरून पाहिली.
हे काय आहे?
"आकडा."
आकडा? कितीचा?
किती, ते पुढच्या रेघांत आहे साहेब.
हा आकडा म्हणजे कोण.

कोर्टात पंखा फिरत होता तेवढाच आवाज.
उखर्डूच्या वकीलबाई उठल्या,
वही दाखल करून घ्यावी, म्हणाल्या.
हरकत आली. हरकतीवर म्हणणं आलं.
पुढची तारीख पडली, दिवाळीनंतरची.

बाहेर शेट गाडीत बसताना बोलले नाहीत.
उद्या काट्यावर यायचं की नाही
हे मीही विचारलं नाही.
उखर्डू चोपड्याच्या गाडीत चढला,
अर्धी गाडी रिकामी,
तरी दांडा धरून उभा.
खिडकीतून म्हणाला,
"मना आकडा तू अजून ठेयेल व्हता?"
मी मान हलवली.

वही कोर्टात राहिली.
घरी येताना पिशवी हलकी लागली.
किती हलकी, सांगता येणार नाही.
एवढ्या वर्षांत ती वही
मी एकदाही काट्यावर ठेवली नव्हती.