गोंगाट वजा करून

सोम-मंगळ-बुध मोबाइलवर, गुरू-शुक्र-शनी मशीनवर.
परिपत्रक आलं तेव्हा मी ऑइलकॅन भरत होतो.
औंधच्या आयटीआयत सव्वीस वर्षं टर्नर शिकवतोय,
आता कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचं,
"समजलं का?"

पहिला व्हिडिओ फेसिंगचा.
कोपा ट्रेडच्या एका पोरानं शूट केला,
रात्रीत कापून-जोडून आणला :
"सर, मागचा गोंगाट पूर्ण काढून टाकलाय."

बघतो तर चक फिरतंय, मुकं.
टूल जॉबला भिडतंय, मुकं.
आणि मी एकटाच बोलतोय,
बातम्या दिल्यासारखा.

अरे, तो गोंगाट म्हणजे निम्मा धडा.
टूल बोथट झालं की मशीन आधी कुरकुरतं,
मग किंचाळतं.
कट नीट बसला
की तेलात भजी सोडल्यासारखं बोलतं.
हे कुठल्या पुस्तकात आहे?

चिडलेलाच होतो गुरुवारी.
तेवढ्यात फुरसुंगीची प्रणिता झेंडे
(सहा महिन्यांत हजेरीपलीकडे शब्द नाही)
म्हणाली, "सर, चौथ्या मिनिटाला
तुम्ही हँडल जास्तच मागे घेता, मग पुन्हा पुढे आणता.
आट्यांमधली ढील काढायला ना?"

हो.
दिवसातून शंभरदा करतो. हातच करतो,
मला न विचारता.
सव्वीस वर्षांत कुणाला दिसलं नाही,
कारण वर्गात मला थांबवायची सोय नव्हती.
तिनं वडिलांच्या रसवंतीत बसून
अकरा वेळा थांबवलं,
मागे नेलं.

मग तिनं मशीन चालू केलं
आणि दोन पावलं मागे सरली.
"एवढा आवाज करतं?"
निळी पडलेली चीप उडून बुटावर आदळली.
मी गप्प उभा.
जरा वेळानं तिनं मान तिरकी केली,
शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तशी,
आणि फीड कमी केला.

व्हिडिओ पुन्हा केला आम्ही.
आता पहिली चाळीस सेकंदं मी बोलतच नाही.
कुणी खाली लिहिलंय, "सर, आवाज खराब येतोय."
असू दे.

परवा झेंड्यांचा फोन :
"सर, पोरगी म्हणते चरकाचं बेअरिंग गेलंय.
एवढी घुंगरं वाजतायत वर,
हिला खालचं कसं ऐकू येतं?"

मी म्हटलं, उघडून बघा.